मिरी-मोहरीचा शनिवार

पहाटे साडेपाच

मे महिन्यात सेल्कर्कला साडेपाच म्हणजे पहाट उरतच नाही. उजेड कधीचाच पडलेला असतो आणि समोरच्या टेकडीवर मेंढ्यांचं ओरडणं सुरू झालेलं असतं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लाकडी फळ्यांचं बुटकं कुंपण आहे, त्यात आमच्या डँडी डिनमाँट कुत्रीची, मिरीची, चार पिल्लं. माझ्या पावलांचा आवाज आला की चौघं एकदम उठतात, आणि उठल्याउठल्या त्यांना बागेत न्यायचं हे दिवसाचं पहिलं काम. एकेकाला उचलायचं, एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ आडवी राहील अशी. काखेत धरून लोंबकळत ठेवायचं नाही. डँडीची पाठ लांब असते आणि ती आयुष्यभर सांभाळावी लागते. ते सांभाळणं पहिल्या दिवसापासून सुरू होतं.

डँडी डिनमाँट टेरियर ही आमच्या या डोंगराळ सरहद्दीवरची, स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यामधल्या मुलखातली जात. खांद्याशी उंची आठ ते अकरा इंच, वजन आठ ते अकरा किलो, पाय आखूड, शेपटी तलवारीसारखी वर वळलेली, डोळे मोठे, गडद, आणि डोक्यावर पांढुरक्या रेशमी केसांचा झुबका. रंग दोनच, मिरीचा नाहीतर मोहरीचा. पिल्लांकडे बघून मात्र हे कळणार नाही. मिरी रंगाची पिल्लं जन्मतात ती काळी, अंगावर तांबूस ठिपके घेऊन. मोहरीची जन्मतात ती गडद तपकिरी. झुबका तर अजून उगवायचाच आहे. त्यामुळे फोटो पाहून येणारी माणसं कुंपणात वाकून बघतात आणि गोंधळतात.

आज पिल्लांना आठ आठवडे पूर्ण झाले. बागेतून आत आणून एकेकाला काट्यावर ठेवते. सगळी अडीच किलोच्या आसपास. वहीत जन्मापासूनचं वजन आहे; आधी रोजचं, नंतर एक दिवसाआडचं. दुसऱ्या आठवड्यात मोहरी मुलीचं वजन एकदा जागच्या जागी थांबलं होतं, तेव्हा तिला सर्वांत दुधाळ सडाशी हाताने धरून पाजलं. आज तीच सगळ्यांत धीट आहे.

सव्वासहा

दिवसातल्या चार खाण्यांपैकी पहिलं. कोमट पाण्यात भिजवलेलं पिल्लांचं कोरडं खाद्य, प्रत्येकाची थाळी वेगळी. ती खात असताना मी शेजारी बसून कान उघडून बघते, पंजाच्या बोटांमध्ये बोट घालते, ओठ उचलून दात बघते. आत्ता याची सवय लागली की पुढे बारा-तेरा वर्षं नखं कापणं, केस काढणं, डॉक्टरांच्या टेबलावर उभं राहणं सोपं जातं.

याच वेळी शेगडीवर वरणाचा कुकर. पहिल्या शिट्टीला पिल्लं दचकायची, आता कोणी थाळीतून तोंडही वर काढत नाही. मिक्सर, घंटा, छत्री उघडणं, मुलाचा ड्रम, व्हॅक्यूम क्लीनर, सगळं या आठ आठवड्यांत कानांवरून आणि डोळ्यांसमोरून जायला हवं. तीन ते बारा-चौदा आठवडे हा पिल्लाच्या मनाचा सर्वांत मोकळा काळ. त्यात जे ओळखीचं झालं त्याची पुढे भीती राहत नाही. गोठ्यामागच्या पत्र्याच्या खोलीत वाढलेलं पिल्लू आणि माणसांच्या पायांत वाढलेलं पिल्लू यांतला फरक पुढे कितीही पैसे खर्चून भरून निघत नाही. म्हणून विकत घेणाऱ्याने पिल्लाच्या आधी ते वाढलं ती जागा बघावी.

साडेसात

नवरा पिल्लांजवळ थांबतो आणि मी मिरीला आणि सुंठीला घेऊन बाहेर पडते. सुंठ आमचा म्हातारा मोहरी नर, अकरा वर्षांचा. दोघांच्याही अंगात छातीचे पट्टे. गळ्याला ओढ बसलेली लांब पाठीच्या कुत्र्याला सोसत नाही.

बाजारचौकातून जाताना सर वॉल्टर स्कॉटचा पुतळा लागतो. 1799 पासून मरेपर्यंत तो या जिल्ह्याचा शेरिफ होता. 1815 मध्ये त्याची 'गाय मॅनरिंग' ही कादंबरी आली आणि तिच्यात डँडी डिनमाँट नावाचा दांडगा, मोकळ्या मनाचा शेतकरी आला. त्याच्या सगळ्या टेरियर कुत्र्यांची नावं पेपर नाहीतर मस्टर्ड. म्हातारी मिरी, तरुण मिरी, धाकटी मिरी, म्हातारी मोहरी, तरुण मोहरी, धाकटी मोहरी. हे स्कॉटच्या कल्पनेतलं नव्हतं. हिंडलीचा जेम्स डेव्हिडसन नावाचा शेतकरी खरोखरच आपल्या कुत्र्यांना अशी नावं द्यायचा. कादंबरी गाजली, लोक डेव्हिडसनकडे डँडी डिनमाँटची कुत्री मागायला लागले, आणि जातीला तेच नाव कायमचं लागलं. कादंबरीतल्या पात्रावरून नाव पडलेली कुत्र्याची ही एकच जात. पुढे 17 नोव्हेंबर 1875 ला याच गावात फ्लीस हॉटेलात तिचा क्लब स्थापन झाला. कुत्र्यांच्या एखाद्या जातीसाठी निघालेल्या जगातल्या सर्वांत जुन्या क्लबांपैकी हा एक.

गावाला लागूनच हेनिंगची जुनी हवेली आणि तिचं तळं आहे. तिथल्या कुत्र्यांच्या खोल्यांत 1842 मध्ये ओल्ड जिंजर नावाचा नर जन्मला. आजच्या डँडींच्या वंशावळी मागे मागे नेल्या की त्याच्यापाशी येऊन मिळतात. त्याचा ब्राँझचा पुतळा तिथे आहे. माझ्या पट्ट्याला ओढणारी मिरी त्याचीच लेक, कितव्या तरी पिढीतली.

तळ्याकडून आम्ही एट्रिक नदीकडे उतरतो. काठच्या एका सपाट दगडावर पाणमांजराची विष्ठा असते, काळपट, माशाच्या काट्यांनी भरलेली. मिरी तिथे पोचली की शेपटी ताठ, नाक दगडाला चिकटलेलं, अंग थरथरतंय. पाणमांजर आणि बॅजर, मुख्यतः या दोघांसाठी तिच्या पूर्वजांना पोसलं गेलं. बिळात शिरायचं, अंधारात आपल्याहून जड जनावरासमोर उभं राहायचं आणि वरच्या माणसाला कळेल अशा भारी आवाजात भुंकत राहायचं. दोन्ही जनावरं आता कायद्याने संरक्षित आहेत आणि ते योग्यच आहे. 1992 च्या बॅजर संरक्षण कायद्याप्रमाणे त्यांच्या बिळात कुत्रा सोडणं हाच गुन्हा. म्हणून झाडीचा पट्टा आला की दोघांची दोरी मी हातभर आखडून घेते. काम गेलं, कामासाठी घडलेलं अंग, नाक आणि छाती राहिली. घरी डँडी इतर टेरियरांपेक्षा शांत असतो, मांडीशी तासन् तास पडून राहतो, पण मांजर पळालं की त्याच्यातलं जुनं जागं होतं. सशाचं पिल्लू किंवा हॅम्स्टर असलेल्या घरात मी याच कारणासाठी पिल्लू देत नाही.

नऊ

भारतात दीड वाजलेला असतो. पुण्याहून ओळखीच्यांच्या ओळखीतून फोन. बंगला आहे, एसी आहे, माणसं आहेत, एक डँडी मिळेल का? अशा फोनला मी स्वच्छ नाही म्हणते. दुहेरी केसांचं, थंड पावसाळी डोंगरात घडलेलं हे अंग एप्रिलच्या पुण्यात एसीच्या खोलीत कोंडायचं कशाला? जोडीदार नाही, जात माहीत असलेला डॉक्टर नाही. मी लातूरकडची. आमच्या आजोळी कारवान कुत्री होती, उंच, सडपातळ, सशामागे सुटली की दिसेनाशी होणारी. त्या मातीत ती घडली आणि तिथेच शोभतात. दुर्मीळच हवं असेल तर शेजारच्या तालुक्यात चौकशी करा, असं मी मनापासून सांगते. समोरच्या माणसाला ते फारसं रुचत नाही.

मग कागद. प्रत्येक पिल्लाची एक फाइल. केनेल क्लबची नोंदणी, जंतांच्या औषधाच्या तारखा, लसीची नोंद, मायक्रोचिपचा क्रमांक. 2016 पासून इथे आठ आठवड्यांच्या आत चिप बसवणं सक्तीचं आहे आणि पहिली नोंद पैदास करणाऱ्याच्या नावावर करावी लागते, म्हणजे पिल्लू कुठून आलं ते पुसता येत नाही.

फाइलमधला सर्वांत महत्त्वाचा कागद पिल्लाचा नसून आईबापांचा असतो, डोळ्यांच्या तपासणीचा. डँडीमध्ये काचबिंदू आनुवंशिक आहे. डोळ्यातलं पाणी ज्या कोनातून बाहेर झिरपतं तो कोन काही कुत्र्यांत जन्मतः नीट घडलेला नसतो. एक दिवस निचरा तुंबतो, दाब चढतो आणि डोळा जातो. नेत्रतज्ज्ञ बधिर करणारे थेंब टाकून बुबुळावर एक खास भिंग ठेवतात आणि त्या कोनात डोकावून शून्य ते तीन अशी श्रेणी देतात. मिरी शून्य आहे. ही तपासणी एकदा करून भागत नाही, दर तीन वर्षांनी पुन्हा करावी लागते, कारण वयाबरोबर कोन बिघडू शकतो. घेणाऱ्याने हा कागद मागावा. 'आमची कुत्री ठणठणीत आहेत हो' एवढंच उत्तर मिळालं तर चहा पिऊन निघून यावं.

साडेदहा

नॉर्थंबरलंडहून निवृत्त शिक्षक दांपत्य आलं. त्यांच्याकडे आधी दोन डँडी होऊन गेले आहेत, त्यामुळे बोलणं थोडक्यात आटोपलं. मोहरी नर त्यांचा. बाईंनी पिल्लाला हातात घेतलं आणि आपसूक एक तळवा त्याच्या ढुंगणाखाली गेला, तो पाहिला आणि मला पुढचं काही विचारावंसं वाटलं नाही.

करारातलं एकच कलम पुन्हा वाचून दाखवलं. काही कारणाने ठेवता आलं नाही, तर कुत्रा इतर कुठे न देता माझ्याकडे परत. बारा वर्षांनीही. दुसरी गोष्ट कराराबाहेरची, विनंती होती. दोन वर्षांनी डोळे तपासून श्रेणी चांगली निघाली, तर त्याचं खच्चीकरण न करता एक-दोन जुगण्यांसाठी त्याला राहू द्यावं. त्यांनी होकार दिला. ब्रिटनमध्ये वर्षाला 300 हून कमी पिल्लं नोंदली गेली तर केनेल क्लब त्या देशी जातीला संकटग्रस्त धरतो, आणि डँडी त्या रेषेच्या फार खाली आहे. अशा जातीत चांगला, निरोगी, वेगळ्या रक्ताचा एक नर कुणाच्या तरी शेकोटीसमोर सुखात लोळत राहिला आणि त्याचा उपयोग झालाच नाही, तर ते सगळ्या जातीचं नुकसान असतं.

पिशवीत आठवडाभराचं खाद्य, विम्याचा कागद, आणि मिरीच्या अंथरुणाचा कापलेला तुकडा. पहिल्या रात्री तो वास पिल्लाजवळ हवा. त्यांनी आमच्यासाठी बाजारातून सेल्कर्क बॅनक आणला होता, बेदाण्यांनी खच्चून भरलेला गोड पाव, या गावाची ओळख. तो लगेच उंच फळीवर गेला.

गाडी निघाली तेव्हा मिरी दारात होती. तिने हवेत वास घेतला आणि आत गेली. आठ आठवड्यांची आई पिल्लांच्या दातांना कंटाळलेली असते. तिच्यासाठी हा वियोग आपण समजतो तेवढा मोठा नसतो. माझा घसा दाटतो तो माझा.

साडेबारा

सुंठीचे केस काढायचे आहेत. मागच्या पडवीत टेबल, त्यावर रबरी चटई.

डँडीच्या अंगावर दोन थर असतात, खाली मऊ लोकर आणि वर खरखरीत, राठ केस. दोन्ही मिळून पाठीवर बारीक रेघा ओढल्यासारखा पोत दिसतो. हे केस कात्रीने किंवा मशीनने कापले तर पुढच्या खेपेला मऊच उगवतात, रंग फिका पडतो, पोत जातो आणि पावसाचं पाणी थेट कातडीपर्यंत जातं. म्हणून ते हाताने उपटायचे. ऐकायला क्रूर वाटतं, पण पिकलेला केस मुळाशी सैल झालेला असतो आणि काढताना दुखत नाही. डाव्या तळव्याने कातडी ताणून धरायची, उजव्या हाताच्या अंगठा-तर्जनीला खडूची पूड लावायची, आणि केस वाढतात त्याच दिशेने थोडे-थोडे ओढायचे. पाच-सहा केसांपेक्षा जास्त एका वेळी नाही. आधी मान, मग पाठीचा वरचा भाग, मग बाजू. पोट, मांड्यांच्या आत, कानांजवळ हात हलका. सुंठ पहिल्या दहा मिनिटांत डोळे मिटतो. त्याच्या पाठीवरून जुना, मळकट थर निघत जातो आणि खालून नवा तांबूस-सोनेरी केस दिसायला लागतो. बोटांना तो आधी कळतो, डोळ्यांना नंतर. एका बैठकीत सगळं करत नाही. आज पाठ, उद्या बाजू. डोक्याचा झुबका शेवटी; तो धुऊन, वाळवून वर विंचरला की शेवरीच्या कापसासारखा फुलतो.

दर थोड्या महिन्यांनी हे करावं लागतं आणि दर आठवड्याला कंगवा. गावोगावच्या कुत्र्यांच्या सलूनमध्ये हाताने केस काढणारी माणसं कमी होत चालली आहेत, कारण मशीनने अर्ध्या तासात काम होतं. ही कला गेली तर डँडी दिसेल, पण त्याचं अंग डँडीचं राहणार नाही. म्हणून माझ्याकडून पिल्लू नेणाऱ्याला मी या टेबलाशी एकदा तरी उभं करते आणि त्याच्या बोटांना खडू लावते.

दोन

एडिनबराहून मराठी कुटुंब आलं. नवरा-बायको, दहा वर्षांची मुलगी, आणि नाशिकहून उन्हाळ्यासाठी आलेल्या आजी. ही मंडळी येणार म्हणून मी सकाळपासून खूश होते. इथे घरात मराठी बोलणारे आम्ही तिघंच.

मुलगी आल्याआल्या कुंपणाशी. "मावशी, ती माझ्याकडे का येत नाही? मी बोलावतेय ना!"

मी काही बोलायच्या आत आजी साडी सावरत सरळ फरशीवर बसल्या. "अगं, ओरडून काय बोलावतेस त्याला. गप बस इथे माझ्याजवळ. हात खाली ठेव. कुत्र्याला येऊ द्यायचं असतं."

दोघी बसल्या. मोहरी पिल्लू आधी लांबून बघत राहिलं, मग आजींच्या पायाच्या बोटांतल्या जोडव्यांचा वास घेतला, मग पदराचं टोक तोंडात धरलं, आणि शेवटी मुलीच्या उघड्या तळव्यावर हनुवटी टेकवून बसलं. मुलीने श्वास रोखून धरला होता. आजी म्हणाल्या, "आमच्या मळ्यात सहा-सहा कुत्री असायची. पण असलं बुटकं नाही बघितलं बाई." तेवढ्यात बाहेर पोस्टमन आला आणि सुंठ भुंकला. आजी दचकल्या. "हा आवाज ह्याचा?" डँडी न पाहता ऐकणाऱ्याला तो तिप्पट मोठा वाटतो.

चहाबरोबर त्यांनी आणलेले रव्याचे लाडू निघाले. मुलीने आपल्यातला तुकडा मोडून पिल्लापुढे धरला आणि मी तिचा हात धरला. लाडवात बेदाणा होता. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्यावर ते होईल याचा नेम नाही. एखाद्याला मूठभर पचतात, एखाद्याला थोडेही भोवतात. कांदा-लसूण रक्ताला घातक, चॉकलेट हृदयाला. आपल्या स्वयंपाकघरात हे सगळं हाताशी असतं. शिऱ्याची कढई, भाजीचा उरलेला रस्सा, पुलावातले बेदाणे. प्रेमाने दिलेला घास मराठी घरात कुणी थांबवत नाही, म्हणून मी हे दर वेळी सांगते. मुलीने विचारलं, "मग गाजर?" गाजर चालतं. तिने लगेच फोनमध्ये लिहून घेतलं.

तिची आई मात्र खुर्चीवरून उठली नव्हती. थोड्या वेळाने म्हणाली, "ताई, खरं सांगू? मला भीती वाटते. लहानपणी एक चावला होता. पण हिच्यासाठी मी शिकेन." हे आधीच सांगणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. मी मिरीला आणलं, तिच्याकडे पाठ करून बसवलं आणि फक्त पाठीवर हात ठेवायला सांगितलं. तिने ठेवला. बराच वेळ काढला नाही.

आदल्या दिवशी सगळे ग्रेफ्रायर्स बॉबीला भेटून आले होते. धन्याच्या थडग्याशी वर्षानुवर्षं बसून राहिलेला म्हणून सांगतात तो कुत्रा, 1872 मध्ये गेला आणि पुढच्या वर्षी त्याचा पुतळा उभा राहिला. येणारे-जाणारे त्याचं नाक चोळतात. नगरपालिकेने चोळू नका म्हटलं तरी चोळतात. स्काय टेरियर म्हणून तो जगभर माहीत आहे, त्याच्यावर पुस्तकं निघाली, सिनेमे निघाले. आणि स्काय टेरियर ही जात आज डँडीच्याच यादीत, नाहीशी होण्याच्या काठावर. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं. कौतुकाने जात टिकत नाही. ती टिकते बागेचं फाटक नीट लावणाऱ्या, पावसात दोनदा फिरायला नेणाऱ्या, डोळा लाल दिसला की त्याच दिवशी डॉक्टरकडे धावणाऱ्या साध्या घरांत. अशी घरं हवी आहेत, आणि ती निवडायचं काम माझं आहे.

मग घराची चौकशी. एडिनबराची जुनी दगडी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही, गोल जिना.

"आम्ही उचलून नेऊ की, ताई," वडील म्हणाले.

"दिवसातून चार वेळा? पाऊस पडतोय, हातात दप्तर आहे, आणि ती दहा किलोची झालीय? तुम्ही ऑफिसात असाल तेव्हा कोण उचलणार?"

ऑगस्टपासून दोघांनाही रोज ऑफिस आहे, हेही त्यांनीच सांगितलं. पिल्लू आठ-नऊ तास एकटं राहणार. जिना उतरताना पुढच्या पायांवर आणि कण्यावर जो भार पडतो तो लांब पाठीला रोज सोसवत नाही. मणक्यातली चकती सरकली की मागचे पाय लुळे पडू शकतात, आणि मग शस्त्रक्रिया, हजारो पौंड, महिनोन् महिने. सोफ्यावरून उडी नको, गाडीत चढायला उतरती फळी हवी, वजन आटोक्यात हवं. तळमजल्यावरच्या घरातही हे सगळं पाळावं लागतं.

मी नाही म्हटलं. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती मोठ्याने रडली नाही. आजींनी तिला जवळ घेतलं आणि तिच्या वडिलांना म्हणाल्या, "बरोबर बोलतेय ती. जनावराचे हाल करून लाड कसले?"

जाताना त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. रविवारी कधीही या, मिरीला घेऊन नदीवर जाऊ. आणि घाईत इंटरनेटवर दुसरीकडे शोधू नका. दुर्मीळ जातीच्या नावाने चोरलेले फोटो टाकून आगाऊ पैसे मागणारे खूप आहेत. आईशेजारी पिल्लू पाहिल्याशिवाय, ते वाढलं त्या घरात पाऊल ठेवल्याशिवाय एक पौंडही द्यायचा नाही. मी पिल्लाचे पंधराशे पौंड घेते. डोळ्यांच्या तपासण्या, नराची फी, लसी, खाद्य आणि एखाद्या वेळी पोट फाडून करावं लागलेलं बाळंतपण धरलं तर त्यात नफा म्हणावा असं काही उरत नाही. 'दुर्मीळ' म्हणून जो जास्तीचे मागतो त्याला जातीची काळजी नाही.

साडेपाच

चौथं खाणं. थाळ्या आता तीनच. मिरी रंगाची मुलगी आमच्याकडेच राहणार, मिरी रंगाचा नर मंगळवारी केल्सोला जाईल. मोहरी मुलगी उरली. घर मिळेपर्यंत ती इथेच. तिला मी एकटीला बाजारात न्यायला सुरुवात करणार आहे, बस, घोडे, गर्दी सगळं दाखवायला. जूनमध्ये गावची कॉमन रायडिंग असते, शेकडो घोडे रस्त्यावरून जातात. तोपर्यंत तिच्या लसी पूर्ण होतील.

आठ

सरहद्दीपलीकडच्या मैत्रिणीशी फोन. तिची मादी शरद ऋतूत माजावर येईल. कोणता नर? आम्ही दोघी संगणकासमोर, केनेल क्लबच्या गणकयंत्रात जोड्या घालून बघतो. येणाऱ्या पिल्लांत रक्तातली जवळीक किती टक्के होईल ते तिथे कळतं. सख्ख्या चुलत भावंडांच्या संततीत ती 6.25, सावत्र भावंडांच्या 12.5. इथल्या दोन नरांचा आकडा आम्हाला जास्त वाटला. फिनलंडमध्ये एक नर आहे, डोळे स्वच्छ, रक्त लांबचं, आणि आकडा बराच खाली येतो. प्रवास, कागद, खर्च सगळं वाढणार. तासभर उलटसुलट बोलून मैत्रीण म्हणाली, जाऊ या. मला फार बरं वाटलं. सोयीचा नर वापरणं हे छोट्या जातीतलं सर्वांत महागडं काम आहे, फक्त त्याचं बिल पुढच्या पिढीला येतं.

साडेदहा

पिल्लांना शेवटचं बागेत नेऊन आणलं. वहीत वजनं, मोहरीच्या नावापुढे 'घर हवं' असं लिहिलं. मग एडिनबराच्या घरी संदेश लिहायला बसले. मैत्रिणीच्या मादीचं सप्टेंबरमध्ये जमलं, तर त्रेसष्ट दिवसांनी नोव्हेंबरात पिल्लं होतील आणि आठ आठवड्यांनी, म्हणजे जानेवारीत, घरी नेता येतील. तोवर तळमजल्याचं, छोट्या अंगणाचं घर बघा. दिवसा चार तासांच्या वर कुत्रं एकटं राहणार नाही अशी सोय करा, दुपारी येऊन फिरवणारं माणूस इथे मिळतं. आजी परत जायच्या आधी रविवारी या. मुलीला सुंठीच्या बाजूचे केस काढायला शिकवते, खडू माझ्याकडे आहे. गाजरं मात्र तुम्ही आणा.